तालुक्याच्या गावात मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायचं असेल तर

माझं पहिलं व्याख्यान फसलं ते 'शून्य' या शब्दापायी. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरणाऱ्याला चालवायची, उघडून बदलायची आणि वाटायची मोकळीक देणारं सॉफ्टवेअर. त्याच्या व्याख्येत चार स्वातंत्र्यं आहेत आणि ती मुळात शून्यापासून मोजलेली आहेत: शून्य, एक, दोन, तीन. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची ती सवयच. मी फळ्यावर तसंच उतरवलं, 'स्वातंत्र्य शून्य' असं ठळक अक्षरांत, आणि बोलत सुटले. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीची वही सहज पाहिली. तिने अधोरेखित शीर्षक देऊन लिहिलं होतं, "मुक्त सॉफ्टवेअर: शून्य स्वातंत्र्य." तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक ते चार असंच मोजते. लातूर, परभणी, नांदेड, हिंगोलीकडची कॉलेजं, वाचनालयं, अभ्यासिका, एकदा तर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, खत-बियाण्यांच्या दुकानाची माडी, अशा ठिकाणी बोलता बोलता जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी. संगणकाची पदवी लागत नाही. स्वतः वर्षभर तरी विंडोजऐवजी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली वापरलेली असावी, इतकंच. नाहीतर पहिल्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

आधी कॅलेंडर उघडा

आपल्याकडे कार्यक्रम पडतो तो बहुतेकदा तारखेमुळे. मृग लागला की कुणी येत नाही, पेरण्या असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. दिवाळीनंतर बीडकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि वर्ग निम्मे होतात. मार्च ते मे परीक्षा आणि ऊन. मार्गशीर्षातली वेळअमावास्या तर विसरूच नका. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे अख्खं गाव शेतात असतं, भज्जी आणि आंबील सोडून तुमचं भाषण ऐकायला कोण येणार? उरतात ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. सप्टेंबरात गणपती कधी आहेत ते तेवढं बघायचं.

सप्टेंबर मला जास्त आवडतो, कारण तेव्हा तारखा जुळून येतात. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली तीही २७ सप्टेंबर १९८३ ला. त्या आठवड्यात 'मुक्त' हा शब्द हवेतच असतो. पण १७ तारखेला स्वतःचा कार्यक्रम ठेवू नका आणि दोन गोष्टींची तुलना करायला जाऊ नका. मी एकदा केली होती. कार्यक्रमानंतर एका आजोबांनी बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "बाई, आमच्या घरची माणसं निजामाच्या तुरुंगात होती. तुमचं ते लायसन आहे." शब्दाचा धागा पकडायला हरकत नाही, बरोबरी करायची नाही.

वेळेचंही असंच. पत्रिकेत अकरा असतील तर पावणेबारा धरा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, आणि शेवटी अध्यक्षीय समारोप. तुम्हाला दिलेला तास पस्तीस मिनिटांवर येतो. मी पंचवीस मिनिटांचीच तयारी करते. खेड्यावरून येणाऱ्या मुलींची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. साडेचारला अर्धा हॉल उठून गेला तर तो तुमच्या विषयाचा अपमान नसतो.

पत्र, आणि नावाचा घोळ

प्राचार्यांना किंवा ग्रंथपालांना एक पानी पत्र पुरतं: विषय, वेळ, प्रोजेक्टर हवा की नको, मानधन नको. 'मानधन नको' हे पहिल्या परिच्छेदात लिहावं, पत्र लवकर हलतं. शिक्षकांना आधार लागत असेल तर दोन गोष्टी सांगता येतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलेलं आहे, आणि राष्ट्रपती असताना डॉ. कलाम यांनी २००३ मध्ये पुण्यातल्या भाषणात मुक्तस्रोताची बाजू जाहीरपणे मांडली होती. कलामांचं नाव निघालं की तारीख मिळते, हा माझा अनुभव.

विषयाचं नाव मात्र जपून द्या. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की मोकळं हा घोळ होतो आणि स्टॉलमन यांना तो आयुष्यभर निस्तरावा लागला. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' वेगळे असल्याने आपण सुटलो असं मला वाटायचं. पण आपल्या शब्दांचे आपले घोळ आहेत. 'मुक्त' म्हटलं की लोकांना मुक्त विद्यापीठ आठवतं. मला एकदा "प्रवेश कधी सुरू होणार आणि फी किती?" असं विचारून झालं आहे. 'ओपन' म्हणावं तर ती कॅटेगरी वाटते. म्हणून मी फलकावर सरळ लिहिते: "तुमच्या संगणकाचा मालक कोण?" खाली बारीक अक्षरांत मुक्त सॉफ्टवेअर आणि कायदा. गर्दी वाढते.

स्लाइडचा चिवडा

हॉलमधला संगणक तुमचा नसतो, हे गृहीत धरून तयारी करा. एचडीएमआयची वायर आणि जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा जोड, दोन्ही पिशवीत हवेत. एक्स्टेंशन बोर्डही. वीज जाईल असं समजून फळ्यावर बोलता येईल इतकं पाठ असू द्या.

आणि स्लाइड पीडीएफ करूनच न्या. सुरुवातीच्या काळात मी एका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये स्लाइड केल्या होत्या. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहावं यासाठीची जागतिक पद्धत. हॉलमधल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर माझ्या मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे आणि टक्क्यांची चिन्हं यांचा चिवडा उमटला. मुलं हसली, मी घामाघूम.

आता तीच गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण हॉलमध्ये निदान एकजण तरी डीटीपीवाला किंवा जुन्या कचेरीत टंकन केलेला असतो आणि तो मान डोलावतो. त्याच्या कपाटात वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थेचे अहवाल आहेत. मजकूर त्याचा, मेहनत त्याची. पण ती फाईल उघडायची तर ठरावीक जुनं सॉफ्टवेअर हवं, ते चालायला ठरावीक जुना संगणक हवा, आणि संगणकाच्या पाठीमागे खोचायचं ते डाँगल नावाचं कुलूप हवं, त्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. कुलूप खराब झालं की स्वतःच्याच घरात शिरायची पंचाईत. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. त्याच्याशेजारी युनिकोडमधला मजकूर ठेवायचा, आणि 'मुक्त' नावाचाच फॉन्ट दाखवायचा. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहे. वापरा, वाटा, बदला, कुणी विचारायला येत नाही.

बियाण्यापासून सुरुवात करा

"यंदा किती जणांच्या घरी सोयाबीनचं बी घरचं होतं?" हा माझा पहिला प्रश्न. बरेच हात वर येतात. "आणि कपाशीचं?" हात खाली, हसू.

इथे घाई करू नका, पाच मिनिटं द्या. सोयाबीन स्वपरागित पीक, त्यामुळे मागच्या हंगामातलं निवडून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी चालतं. पेरण्याआधी आपण काय करतो? १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवायचे, गुंडाळायचं, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं, आणि काही दिवसांनी उलगडून मोजायचं. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी आले तर बी वाढवायचं. कुठल्या प्रयोगशाळेची परवानगी लागत नाही. कपाशीचं पाकीट मात्र संकरित वाणाचं. त्याची सरकी ठेवून पेरली तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक झाड एक तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या. म्हणून दर वर्षी दुकानात उभं राहायचं.

मग चार स्वातंत्र्यं याच गोणपाटावर मांडायची. घरचं बी हव्या त्या रानात, हव्या त्या कारणासाठी पेरता येतं, तसा प्रोग्रॅम हव्या त्या कामाला चालवता यावा, हे पहिलं. बी उघडून तपासता येतं, निवडता येतं, तसा प्रोग्रॅम आतून पाहता आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता यावा, हे दुसरं. आणि त्यासाठी सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हातात असायला हवा. शेजाऱ्याला पायलीभर देता येतं, हे तिसरं. आपण निवडून सुधारलेलं बीसुद्धा देता येतं, हे चौथं. दिलं ते उसनं, विकत की फुकट, हा वेगळा प्रश्न. मुक्त सॉफ्टवेअर विकायला बंदी नाही.

ही उपमा कुठे तुटते तेही तुम्हीच सांगा, नाहीतर परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला कुणीतरी उठून सांगेल. पायलीभर बी दिलं तर आपल्या कणगीतून तेवढं कमी होतं. प्रोग्रॅमची प्रत दिली तर आपली जागच्या जागी राहते. शिवाय कपाशीचा अडसर निसर्गाचा आहे, संकराचा तो स्वभावच. बंद सॉफ्टवेअरचा अडसर माणसाने घातलेला असतो: एक कायद्याने, आणि दुसरा मूळ मजकूर न देऊन.

एवढं झाल्यावरच इतिहास. तो दोन मिनिटांत आटपा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा प्रिंटर सारखा अडकायचा, स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता, आणि ज्याच्याकडे मूळ मजकूर होता त्याने 'कुणाला देणार नाही असा करार केलाय' म्हणून नकार दिला. पुढे १९८५ मध्ये त्यांची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था, १९८९ मध्ये जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअर वाटण्याच्या अटी सांगणारा परवाना, १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स, आणि वर्षभरात तेही जीपीएलखाली. लिनक्स हा गाभा आणि भोवतीचं बरंचसं ग्नूचं, म्हणून लिनक्स म्हणायचं की ग्नू-लिनक्स, या वादात तालुक्याच्या गावी पडू नका. चहा थंड होतो.

कायदा: एका पैठणीच्या दुकानात चार

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, आणि वक्तेच तो करतात. 'बौद्धिक संपदा' हा शब्द उच्चारला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सातबारा येतो. संपदा म्हणजे जमीन, जमीन म्हणजे बांध, बांध म्हणजे भांडण. स्टॉलमन हा शब्द वापरूच नका म्हणतात, कारण त्यात एकमेकांशी फारसा संबंध नसलेले कायदे एका पोत्यात भरले जातात. शब्द पूर्ण टाळणं आपल्याला जमत नाही, अभ्यासक्रमातच तो आहे. पण पोतं उघडून दाखवता येतं.

मी पैठणीच्या दुकानात घेऊन जाते. 'पैठणी' या नावाला भौगोलिक मानांकन आहे, १९९९ च्या कायद्याखाली. दुसरीकडच्या यंत्रमागावरचं कापड त्या नावाने विकता येत नाही. पण विणायचं कसब कुणाच्या मालकीचं नाही, शिकेल त्याचं. दुकानाच्या पाटीवरचं चिन्ह हा ट्रेडमार्क, तोही १९९९ चाच पण निराळा कायदा. दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं तर तो कितीही काळ टिकतो. दुकानाच्या कॅटलॉगमधल्या फोटोंना आणि मजकुराला कॉपीराइट, कायदा १९५७ चा. मागावर बसवायची एखादी नवी यंत्ररचना कुणी शोधली तर पेटंट, कायदा १९७०, मुदत २० वर्षं. आणि गल्ल्यावरचा बिलाचा संगणक? त्यातला प्रोग्रॅम आपल्या कायद्यात 'साहित्यकृती' म्हणून कॉपीराइटखाली येतो. कथा-कादंबरीच्या रांगेत बिलाचा प्रोग्रॅम! यावर हॉल हसतो. हसू द्या, लक्षात राहतं.

पेटंटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधलं 'के' हे उपकलम म्हणतं की गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम (काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या) आणि 'नुसता' संगणक प्रोग्रॅम हा शोध मानला जाणार नाही. त्या 'नुसता'वर वकिलांची घरं चालतात. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून हे उपकलम सैल करण्यात आलं होतं. २००५ मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा तो बदल गळाला.

शेतकरी असतील तर २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा घ्याच. कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचंही बी शेतकरी ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. फक्त कंपनीच्या नावाच्या पाकिटात घालून नाही. मोंढ्यातल्या त्या माडीवर मी हे सांगितलं तेव्हा मागून एकजण म्हणाला, "म्हणजे आमच्या कायद्यात आहे ते तुमच्या संगणकात नाही व्हय?" त्याच्याइतकं नेमकं मला आजवर जमलेलं नाही. शेतकऱ्याला हा हक्क कायद्याने दिला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला तो कायद्याने नाही, लिहिणाऱ्याने परवान्यातून दिला तर मिळतो.

म्हणून जीपीएलचं वळण नीट समजावा. तो कॉपीराइट सोडून देत नाही, कॉपीराइटवरच उभा आहे. लिहिणारा म्हणतो: हक्क माझा, तो वापरून मी तुम्हाला चारही मोकळीका देतो, अट एकच, पुढे वाटाल तेव्हा कुंपण घालायचं नाही. कॉपीराइट नसता तर या अटीला दातच राहिले नसते. सगळेच मुक्त परवाने अशी अट घालत नाहीत. काही नुसते 'माझं नाव ठेवा आणि न्या' म्हणतात. फरक सांगा, पण दहा परवान्यांचा तक्ता दाखवू नका.

विद्यार्थ्यांना रोजच्या कामाचं हवं असतं. त्यांच्यासाठी झेरॉक्सचं दुकान. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला, अभ्यासक्रमातल्या पानांचे संच विकतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची अशी नक्कल कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ च्या अपवादात बसू शकते असं ठरवलं. त्याच कलमात, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवायला आणि तो कसा चालतो याचा अभ्यास करायला जागा आहे.

आणि कॉपीराइटची मुदत. लेखक गेल्यावर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, म्हणून १ जानेवारी २०१७. निधनानंतर प्रथम छापल्या गेलेल्या लेखनाची मुदत छापल्या तारखेवरून धरतात, हे तळटिपेसारखं जोडा. बाबासाहेबांनीच उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात बोलताना ही तारीख सांगितली की दोन-तीन जण फोन काढून टिपून घेतातच.

एक पथ्य: तुम्ही वकील नसाल तर तसं सांगून मोकळे व्हा. 'माझ्या भावाच्या दुकानावर धाड पडली' असा प्रश्न आला तर मत देऊ नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवा. जमलं तर गावातला एखादा वकीलच शेजारी बसवा. त्यांनाही हा विषय नवा असतो आणि ते तयारी करून येतात.

'येळवस'

प्रात्यक्षिकासाठी इंटरनेटवर विसंबू नका. मी फक्त लिबरऑफिस (वर्डसारखं लिहायचं मुक्त सॉफ्टवेअर) आणि मराठी शुद्धलेखनाचा मुक्त शब्दकोश घेऊन जाते.

लिबरऑफिसमध्ये मोठ्या अक्षरात टंकायचं: येळवस. खाली लाल नागमोडी रेघ येते. लातूरकडच्या हॉलमध्ये लगेच कुजबुज, कारण वेळअमावास्येला घरी कुणी दुसरं काही म्हणतच नाही. "संगणक म्हणतो तुमचा शब्द चूक. काय करायचं?" मग शब्दकोशाची फाईल उघडायची. साधा मजकूर असतो: पहिल्या ओळीत शब्दांची संख्या, खाली ओळीला एक शब्द. मुलांपैकीच कुणाला तरी पुढे बोलवा, त्याच्याच हाताने शब्द घालू द्या, फाईल साठवा, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. रेघ गेलेली असते. मूळ फाईलची एक प्रत आधी बाजूला ठेवा, आणि हा सगळा प्रकार घरी दोनदा करून पाहा. त्या फाईलमध्ये लिहायची परवानगी संगणक मागतो आणि पासवर्ड ऐन वेळी आठवत नाही.

एका हुशार मुलाने मला अडवलं होतं. "मॅडम, राइट क्लिक करून शब्द टाकायची सोय तर बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येपण आहे." बरोबर होतं त्याचं. पण ती सोय म्हणजे तुमच्या संगणकापुरती चिठ्ठी. मूळ यादी पाहता येते का? तिच्यातला चुकीचा शब्द काढता येतो का? ती यादी छापून गावच्या शाळेला देता येते का? इथे तिन्ही करता येतं. दुसरं आणि चौथं स्वातंत्र्य त्या पोराला तिथेच कळलं, मला वेगळं सांगावं लागलं नाही.

प्रश्न येतात ते असे

"ह्याच्यावर टॅली चालतंय का?" हा येणारच, विशेषतः लातूरच्या मोंढ्याजवळ. उत्तर: लिनक्ससाठी ते येत नाही. गोल गोल बोलू नका, व्यापारी दोन सेकंदांत ओळखतो. मग मुंबईत तयार झालेलं, जीपीएलखाली असलेलं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे हे सांगा, आणि बदलायला मेहनत पडेल हेही सांगा.

"फुकट दिलं तर पोट कसं भरायचं?" रेड हॅट ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरचं काम करता करता एवढी मोठी झाली की आयबीएमने २०१९ मध्ये ती ३४ अब्ज डॉलरला घेतली, हे सांगून टाळ्या मिळतात. पण पोरांना त्यातून नोकरी दिसत नाही. त्यापेक्षा मोटार रिवाइंडिंगवाल्याचं उदाहरण चालतं. पाणबुडी मोटार त्याने बनवलेली नसते, उघडायची मुभा असल्याने त्याचं घर चालतं. गावोगावी संगणक बसवून देणं, शिकवणं, बदल करून देणं हे तसंच काम.

"क्रॅक टाकला की तेपण फुकटच की." इथे एकदाच, आवाज न चढवता कायदा सांगा. चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. भीती घालून कुणी मुक्त सॉफ्टवेअरकडे येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. क्रॅकवाला पोरगा त्याच बंद प्रोग्रॅमची सवय लावून घेतो आणि नोकरीला लागला की साहेबाला तोच घ्यायला लावतो, हा मुद्दा त्यांना जास्त पटतो.

"कुणीही बदलू शकतो म्हटल्यावर भरवसा कशाचा?" हा प्रश्न बहुधा वयस्कर माणूस विचारतो आणि तो सर्वात चांगला असतो. मी पैठणला जाते. हातोहात नकला होत गेल्याने ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल करायची मोकळीक होती म्हणून ग्रंथ घरोघर गेला, आणि कुणीतरी जबाबदारी घेऊन प्रती ताडल्या म्हणून तो शुद्ध राहिला. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक बदलाची नोंद असते, कुणी, कधी, काय. मुख्य प्रतीत काय घ्यायचं ते सांभाळणारे ठरवतात. तुम्हाला पटलं नाही तर वेगळी प्रत काढा, पण ती तुमच्या नावाने.

नंतरचा रविवार

व्याख्यानाच्या दिवशी कुणाच्या लॅपटॉपवर काहीही बसवू नका. कितीही आग्रह झाला तरी. मी उत्साहाच्या भरात एका बी.एड.च्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप घेतला, डिस्कचे भाग करताना चुकीचा भाग निवडला आणि त्याची वर्षभराची पाठ-टाचणं गेली. तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं. पुढचे दोन आठवडे त्याच्याबरोबर बसून टंकत होते.

म्हणून वेगळा रविवार ठरवा, वाचनालयात, सकाळी. येताना प्रत्येकाने आपलं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर घेऊन यायचं, ते आणलं नसेल तर फक्त बघायला बसायचं. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजची डिस्क कुलूपबंद असू शकते, तेव्हा तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. पहिल्या दिवशी पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून दाखवा, डिस्कला हात न लावता. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. जुन्या, ४ जीबी मेमरीच्या यंत्रांना लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती मानवते. वायफाय, प्रिंटर आणि मराठी टंकन, या तिन्ही गोष्टी चालल्या तरच बसवायचं.

तुमच्या स्लाइडवरही परवाना लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'नाव द्या, पुढेही तसंच वाटा' हा मला बरा वाटतो, विकिपीडियाचाही तोच आहे. चित्रीकरण करायचं असेल तर श्रोत्यांना आधी विचारा, प्रश्न विचारणाऱ्या मुलींना तर नक्कीच.

आणि एक वही ठेवा. प्रात्यक्षिकाच्या वेळी हॉलमधून शब्द ओरडले जातात. माझ्या वहीत येळवस, भज्जी, येसर, आंबील, कोपी, आखाडा, मोंढा असे जमले आहेत, शेजारी गाव आणि तारीख. लाल रेघ ज्यांच्याखाली आली तेवढे वेगळे काढून मी शब्दकोश सांभाळणाऱ्यांना पाठवते. पहिल्या वेळी त्यांनी उलट विचारलं होतं, 'कोपी' म्हणजे नक्की काय, 'कॉपी' चुकून झालं नाही ना? मी वेळअमावास्येला शेतात कडब्याची कोपी उभी करतात, तिचा फोटो काढून पाठवला.